स्विमिंग पूलचं पाणी रोज जवळपास ३ सेंटिमीटर उतरून राहिलं, ऊन पिते की लीकेज? (नागपूर, बेसा)

बेसावाली · १० मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, पूल म्हणजे हॉटेलसारखा मोठा नाही, घराच्या मागं मामाजींनी (माझ्या सासऱ्यांनी) २०१६ मध्ये हौसेनं बांधून घेतला होता, नातवंडं उन्हाळ्यात यावी म्हणून. ८ मीटर बाय ४ मीटर, एकीकडून साडेतीन फूट, दुसरीकडून पाच. आरसीसीचा आहे, आतून त्या निळ्या काचेच्या बारीक टाईल्स, एक स्किमर (भिंतीत वर असलेलं, वरचं पाणी आत ओढणारं तोंड), तीन रिटर्न (गाळलेलं पाणी परत येते ती तोंडं), दोन लाईट, खाली मेन ड्रेन. पंप आणि सँड फिल्टर बाजूच्या टिनाच्या खोलीत. पाणी अंदाजे चाळीस-बेचाळीस हजार लिटर.

हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाईप सोडला की झालं. पण गुढीपाडव्यापासून हे सुरू झालं, आता दर तिसऱ्या दिवशी पाणी टाका लागते, बोअर खाली गेली, मग टँकर, आणि टँकरवाल्याचा भाव तर तुम्हाला माहीतच आहे, थर्मामीटरसोबत चढते.

मामाजी म्हणतात, ऊन पिऊन राहिलं पाणी, अजून नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायचा आहे, तेव्हा पाहा. एक ठेकेदार आला, दहा मिनिटं काठावर उभा राहिला, चहा घेतला, आणि म्हणाला की सगळ्या टाईल्स काढा, नवीन वॉटरप्रूफिंग करा, नवीन टाईल्स लावा, अडीच लाख. आणि म्हणे आत्ताच रिकामा करा, पावसाळा लागायच्या आत. हे पुण्यात नोकरीला, फोनवर म्हणतात तू पाहून घे. मी काय पाहू, मला तर बाथरूमचा नळ गळला तरी प्लंबर लागते.

भेग कुठं दिसत नाही. टाईल्स दोन-चार निघाल्या आहेत पण त्या आधीपासूनच. अडीच लाख घालावे का? कोणाकडे असं झालं असेल तर सांगा.

कूलर_फुल्ल · १० मे, रात्री ११:२०

ताई, मामाजी एकदम चुकीचे नाहीत बरं का. आपल्याकडचा डेझर्ट कूलर पाहा, दुपारी टाकी भरली की संध्याकाळी खडखडाट. तुमचा पूल म्हणजे ३२ चौरस मीटरचा कूलरच समजा, वाळ्याच्या ताट्या तेवढ्या नाहीत. मे महिन्यात लू चालू असली की उघड्या पाण्याचं दिवसाला एक सेंटिमीटर, कधी दीडही, सहज उडते. आणि रात्रीही उडते, लोकांना वाटते फक्त उन्हात.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तुमचे ३२ चौरस मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर उतरलं की ३२० लिटर गेलं. तीन सेंटिमीटर म्हणजे साडेनऊशे लिटर रोज. पाच दिवसांत पाच हजार लिटरचा एक टँकर. त्यातलं उन्हानं किती नेलं आणि जमिनीनं किती, हे वेगळं केल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

बादली टेस्ट करा. साधी प्लास्टिकची बादली घ्या, पूलचंच पाणी भरा, तळाला एक दगड ठेवा म्हणजे तरंगणार नाही, आणि पूलच्या पायरीवर अशी ठेवा की बादली अर्धी-पाऊण पाण्यात बुडलेली राहील. बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच लेव्हलला आणा. आतून एक खूण, बाहेरून एक खूण. २४ तास कोणी पोहायचं नाही, पाणी टाकायचं नाही, बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं) नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन्ही मोजा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाचं, पूलमध्ये त्याच्यापेक्षा जास्त उतरलं तर तेवढं लीकेजचं. बादली पाण्यातच ठेवायची ती याच्यासाठी की दोन्हीकडचं पाणी सारखंच तापलं पाहिजे. अंगणात ठेवलेल्या बादलीचं माप काही कामाचं नाही.

आणि एका दिवसाच्या मापावर जाऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातम्या, आणि मग हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. दोनदा मोजा.

काटोल_रोड_संत्रा · ११ मे, सकाळी ७:०५

टाईल्स काढू नोका ताई. मी काढल्या. मायं फार्महाऊस हाय, पूल तुमच्यापेक्षा थोडा मोठा, असंच पाणी जाये. एकजण आला, म्हणे खालून झिरपते, सगळं काढा. काढलं. केमिकलचे तीन हात मारले, नवीन टाईल्स बसवल्या, दीड महिना पोट्टे रिकाम्या पूलात क्रिकेट खेळले. भरला अन् चौथ्या दिवशी पाहतो तं पाणी तितकंच खाली! मंग एक म्हातारा प्लंबर आला, त्यानं अर्ध्या दिवसात सांगतलं की रिटर्नची लाईन जिथं भितीतून बाहेर निघते तिथं जॉइंट उखडला हाय. दोन फूट खड्डा, एक कपलिंग, काम खतम. त्या टाईल्सवर आजही हात फिरवतो तं पैसे आठवते.

एक गोष्ट पाहून घ्या, फुकटात. पूलच्या चारी बाजूनं चक्कर मारा. मे महिन्यात आपल्याकडं सगळं वाळून जाते, अशात कुठं हरळी हिरवीगार दिसली किंवा जमीन पायाखाली नरम लागली तं तिथंच पाणी हाय. माया इथं ते दिसलं होतं अन् मी खुश झालो होतो की लॉन चांगली होऊन राहिली.

जुना_जेई · ११ मे, सकाळी ९:४०

बेसावाली, मी नोकरीत पाण्याच्या टाक्यांची कामं पाहिली आहेत, त्यामुळे एक गोष्ट आग्रहानं सांगतो. ठेकेदार जे "पावसाळ्याआधी रिकामा करा" म्हणतो ते ऐकताना बरं वाटतं, पण काम लांबलं आणि पहिला पाऊस पूल रिकामा असताना आला, तर काय होतं हे समजून घ्या.

बेसा-मनीषनगरकडे बहुतेक ठिकाणी वर काळी माती आहे, खाली मुरूम. पावसात ती माती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. पूलच्या बाहेर तळापेक्षा एक मीटर उंचीचं पाणी साचलं तर ते तळाच्या दर चौरस मीटरला एक टन जोरानं वर ढकलतं. तुमचा तळ समजा १५ सेंटिमीटर जाडीचा आरसीसी आहे, त्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलो. भिंतींचं वजन धरलं तरी हिशेब काठावर येतो. पूल भरलेला असतो तेव्हा आतलं पाणी हे सगळं दाबून धरतं. रिकामा केला की तो नावेसारखा वर उचलला जाऊ शकतो, किंवा तळाला तडा जातो. काही पूलमध्ये तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तुमच्यात आहे का हे बांधणाऱ्याला विचारा, पण आहे असं गृहीत धरून चालू नका.

आणि मे महिन्यात रिकामा केला तर दुसरीच गंमत. पंचेचाळीस अंशात कोरड्या पडलेल्या टाईल्स तापतात, सुटतात, ज्या आज घट्ट आहेत त्याही. मग ठेकेदार खरा ठरतो! वर पुन्हा भरायला तुमचे आठ-नऊ टँकर.

काळ्या मातीचं अजून एक. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं चिकण-खनिज असतं, ते पाण्यानं फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. तुमचं गळणं पाडव्यापासून, म्हणजे जमीन वाळायला लागल्यापासून सुरू झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. जमीन हलली की पूलचा डबा एकसंध असल्यामुळे सहसा टिकतो, पण ज्या ठिकाणी डब्यातून काही बाहेर जातं, म्हणजे पाईप, लाईटची केबल, स्किमर, तिथं ताण येतो. गळती तिथं आधी शोधायची.

धंतोली_८८ · ११ मे, दुपारी १:१५

एवढं काय डोकं लावता, बाजारात लीक सीलर मिळते, लिक्विड, ओतायचं पाण्यात, जिथं लीकेज आहे तिथं जाऊन आपोआप बसते. आणि जागा शोधायची तर रंग टाका, होळीचा उरलेला असेलच घरी 😄

फिल्टरखोली · ११ मे, दुपारी ३:३०

होळीचा रंग कृपा करून टाकू नका, टाईल्सचा ग्राऊट गुलाबी झाला की दहा वर्षं निघत नाही आणि पोरांच्या अंगालाही बरा नाही. रंगाची टेस्ट असते पण ती खायच्या रंगानं, तीही सिरिंजनं चार थेंब, आख्ख्या पूलमध्ये ओतून नाही, ते पुढं सांगतो. आणि सीलर मी वापरलेलं आहे, केसाएवढ्या फटीला चालते कधीकधी, पण फिल्टर बायपास न करता टाकलं की ते पहिले तुमच्या फिल्टरची रेतीच बुजवते, मग रेती बदला. तो शेवटचा उपाय, पहिला नाही.

मी पूल मेंटेनन्सचंच काम करतो. ताई, बादली टेस्ट दोन वेळा करा, एक दिवस पंप रोजच्यासारखा चालवून, आणि एक दिवस पंप पूर्ण बंद ठेवून. दोन्ही दिवसांचे आकडे इथं टाका, बाकी मग बोलू. ऑटोफिल असेल तर त्याचा कॉक बंद करा, नाहीतर तो गुपचूप भरत राहते आणि आपण समजतो पूल ठणठणीत आहे.

बेसावाली · १४ मे, रात्री ९:१५

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. जेई काका, तुमचं ते नावेसारखं उचललं जाते वाचून मामाजी रात्रभर झोपले नाहीत. ठेकेदाराला फोन करून थांबा म्हटलं.

पहिल्या दिवशीची बादली वाया गेली. खूण केली, ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बादली रिकामी आणि धुऊन पालथी ठेवलेली. सासूबाईंनी पाहिलं, म्हणे पाण्यात बादली कोण विसरलं, पाणी तुळशीला टाकलं. क्लोरीनचं! तुळस अजून उभी आहे.

मग वरून चिठ्ठी लावली, "हात लावू नये". आकडे असे:

१२ ते १३ मे, पंप रोजच्यासारखा आठ तास: पूल २९ मिलिमीटर, बादली १२.
१३ ते १४ मे, पंप बंद: पूल २२, बादली १२.

ऑटोफिल नाही आमच्याकडे. चक्कर मारली, हिरवं गवत कुठंच नाही, हो पण मागच्या कोपऱ्यातली केळी एकदम जबरी झाली आहेत, ती पूलपासून चांगली दहा-बारा मीटर दूर आहेत म्हणून तिकडे लक्ष नाही दिलं.

फिल्टरखोली · १४ मे, रात्री १०:०५

आकडे एकदम साफ आहेत, असे आकडे मला साईटवर पण कोणी देत नाही. आता वाचा ते काय म्हणून राहिले.

१२ मिलिमीटर उन्हाचे. म्हणजे ३८४ लिटर रोज मामाजींच्या बाजूनं, त्यांना सांगा ते चाळीस टक्के बरोबर आहेत. पंप बंद असताना बादलीपेक्षा १० जास्त, म्हणजे ३२० लिटर असं आहे जे पंपाशी संबंध न ठेवता रात्रंदिवस जाते. आणि पंप चालवला की अजून ७ वाढले, सव्वादोनशे लिटर, ते फक्त त्या आठ तासांत. म्हणजे तुमच्याकडं लीकेज एक नाही, दोन आहेत, किंवा एक आहे जे पंपाच्या प्रेशरनं वाढते. पण मला दोन वाटतात आणि पहिलं कुठं आहे तेही जवळपास सांगू शकतो, ती केळी.

मागच्या कोपऱ्यात बॅकवॉशचं पाणी जाते का? फिल्टरच्या डोक्यावर तो मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असते, हँडलवाला, फिल्टर-बॅकवॉश-रिन्स लिहिलेला. त्याच्या आत चांदणीच्या आकाराचं एक रबर गॅस्केट असते. ते झिजलं किंवा जागेवरून सरकलं की फिल्टर मोडवर असतानाही थोडं थोडं पाणी वेस्टच्या, म्हणजे बॅकवॉशचं पाणी बाहेर टाकायच्या पाईपात जात राहते. बाहेर कुठं दिसत नाही कारण तो पाईप जमिनीतून शोषखड्ड्यात जाते. पाहायचं असं: पंप फिल्टर मोडवर चालू करा, पाच मिनिटांनी वेस्ट पाईपचं दुसरं टोक उघडून पाहा. तिथं कोरडं पाहिजे. थेंब चालेल, धार नाही.

आणि एक विचारतो, रागावू नका, हँडल फिरवताना पंप बंद करता का? ९० टक्के घरी माळी करते हे काम आणि पंप चालू ठेवूनच हँडल ओढते. गॅस्केट त्यानंच उखडते.

कूलर_फुल्ल · १४ मे, रात्री १०:१२

केळीनं चुगली केली 😂

बेसावाली · १६ मे, दुपारी १२:३०

फिल्टरखोली दादा, तुम्ही घरी येऊन पाहून गेले का कधी?? शोषखड्ड्यावरची फरशी माळीकाकांनी आणि मी मिळून सरकवली. पंप चालू, हँडल फिल्टरवर, आणि पाईपातून करंगळीएवढी धार. मी तांब्या लावून मोजलं, एक लिटरचा तांब्या दोन मिनिटं आणि काही सेकंदांत भरला. म्हणजे तासाला २८ लिटरच्या आसपास, आठ तासांचे सव्वादोनशे. तुमच्या आकड्याला जाऊन बसलं! मला शाळेत गणिताचा असा आनंद कधी झाला नव्हता.

माळीकाकांना विचारलं, ते म्हणाले, "हो बाई, पंप बंद केला तं परत चालू कराले इकडून तिकडे चकरा माराव लागते, म्हणून चालू ठेवूनच फिरवतो." आता काय बोलणार, स्विच खोलीच्या बाहेर लावला आहे तो आमचाच शहाणपणा.

गॅस्केट सीताबर्डीला मिळालं. व्हॉल्व्हचं झाकण उघडताना मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि झाकण-बॉडी दोन्हीवर मार्करनं रेघ मारली कारण उलटं बसलं तर सगळंच उलटं होईल असं व्हिडिओत पाहिलं होतं. आत जाड स्प्रिंग आहे, सगळे स्क्रू एकदम काढले तर उडते, म्हणून समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले. जुनं गॅस्केट एका पाकळीपाशी चक्क दुमडलं होतं. खाच ब्रशनं साफ केली, रेतीचे कण निघाले, नवीन बसवलं. वेस्ट पाईप आता कोरडा. मामाजी खुर्ची टाकून बसले होते आणि शेवटी म्हणाले, "चांगलं झालं, पण ऊन पिते ते पिते."

आता ते दुसरं, रात्रंदिवसवालं.

फिल्टरखोली · १६ मे, दुपारी २:१०

एक नंबर काम केलं ताई.

दुसऱ्यासाठी आता काहीच करायचं नाही. खरंच. पंप बंद, पाणी टाकणं बंद, आणि पाणी आपोआप किती खाली जाते ते पाहा. पाणी गळतीच्या जागेच्या खाली गेलं की गळती थांबते, मग पूल फक्त बादलीएवढाच उतरते. जिथं दोन्ही आकडे सारखे झाले ती उंची काठावर फिरून पाहा, त्या लेव्हलला काय आहे? स्किमरचं तोंड, की रिटर्न, की लाईटचा डबा. खाली जात जात मेन ड्रेनपर्यंत आलं आणि तरी थांबलं नाही तर मग तळ किंवा खालची लाईन, ते वेगळं प्रकरण.

बादली रोज नवीन लेव्हलला खालच्या पायरीवर सरकवा. पंप बंद म्हणजे या उन्हात दोन दिवसांत पाणी हिरवं होईल, म्हणून संध्याकाळी क्लोरीन एका बादलीत विरघळवून चारी बाजूनं हातानं टाका आणि ब्रशनं पाणी हलवून घ्या. पोरं आत नको.

माझा अंदाज लाईट. केबलचा पाईप डब्यातून मागं जाते, तो नीट सील केला नसला की पाणी त्यातून जंक्शन बॉक्सकडे जाते, मी निम्म्या पूलमध्ये तेच पाहतो.

जुना_जेई · १६ मे, सायंकाळी ६:४५

माझा अंदाज स्किमर. कारण वर लिहिलं आहे. स्किमरचा प्लास्टिकचा डबा अर्धा भिंतीत आणि अर्धा काठाच्या फरशीखाली अडकलेला असतो. फरशी एकीकडे सरकते, भिंत सरकत नाही. मध्ये कोण फाटणार?

काटोल_रोड_संत्रा · १६ मे, रात्री ८:३०

शर्यत लागली. हरला त्यानं संत्रा बर्फी आणाची.

बेसावाली · २२ मे, रात्री ९:४०

पाच दिवसांचे आकडे, पूल आणि बादली: २२-१२, २१-१२, १९-१२, १५-१२, आणि आज १२-१२. थांबलं! पाणी सुरुवातीच्या लेव्हलपेक्षा जवळपास ९ सेंटिमीटर खाली आहे. त्या लेव्हलला, जेई काका, स्किमरच्या तोंडाची खालची कड आहे. लाईट अजून एक फूटभर खाली, पाण्यातच आहेत. फिल्टरखोली दादा, बर्फी तुमच्याकडे लागली.

पण खरंच स्किमर आहे का ते पक्कं करायला बारीकसं पाणी परत टाकलं, कडेच्या दोन बोटं वर येईल एवढं, आणि आज पहाटे साडेपाचला रंग पाहिला, कारण सकाळी लू नसते आणि पाणी एकदम आरशासारखं राहते. खायचा लाल रंग पूलच्याच पाण्यात घट्ट कालवला, सुई काढलेली सिरिंज, पाण्यात उतरून स्किमरच्या कडेजवळ हात स्थिर ठेवून एक एक थेंब सोडला. वरच्या बाजूला रंग तसाच लोंबकळत राहिला, धुरासारखा. डाव्या खालच्या कोपऱ्यात सोडला आणि तो एका रेषेत सरळ आत ओढला गेला, जसा कोणी स्ट्रॉनं प्यायला! मी मामाजींना आवाज दिला, त्यांनी चष्मा आणला, परत एकदा दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त "अजून एकदा कर" म्हणाले. चार वेळा केलं.

आता हे बुजवायचं कशानं? घरात पांढरं सिमेंट आहे.

जुना_जेई · २२ मे, रात्री १०:२०

पांढरं सिमेंट नको. प्लास्टिक आणि काँक्रीटच्या सांध्यात सिमेंट धरत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत सुटेल. रंग पाहायला टाकलेलं पाणी उतरलं की लेव्हल परत स्किमरखाली येईल, तेव्हा पूल रिकामा न करता कोरड्यात काम होईल, ही संधी साधा.

स्किमरची पुढची पट्टी स्क्रू काढून उतरवा. प्लास्टिक आणि काँक्रीटमध्ये जिथं फट आहे तिथं छिन्नीनं हळू हळू खोबण करा, दीड-दोन सेंटिमीटर खोल, नुसती वरून लिंपू नका. प्लास्टिकला धक्का नको. तारेच्या ब्रशनं साफ, जुनी शेवाळ आणि भुगा पूर्ण काढा, पृष्ठभाग थोडा खरखरीत करा. मग दोन भागांची, पूलसाठी मिळणारी इपॉक्सी पुट्टी, जी पाण्याखालीही पक्की होते. दोन्ही भाग एका रंगाचे होईपर्यंत मळायचे आणि अंगठ्यानं दाबून भरायचं, हवा राहता कामा नये. तुमच्याकडच्या उन्हात ती लवकर सेट होते, म्हणून सकाळीच करा आणि थोडी थोडी मळा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक दिवस जास्त थांबा, मग पाणी.

पण हे अर्धंच काम. काठावर कोणती फरशी आहे, आणि ती पूलच्या कडेला घट्ट भिडवली आहे का?

बेसावाली · २२ मे, रात्री १०:३५

कोटा आहे. हो, एकदम घट्ट, मध्ये सिमेंट भरलेलं. मिस्त्री म्हणाला होता फिनिशिंग चांगलं दिसते.

जुना_जेई · २२ मे, रात्री १०:५०

तिथंच घोळ आहे. फरशी काळ्या मातीवर, पूल स्वतःच्या पायावर, आणि दोघांना सिमेंटनं एकमेकांना बांधून टाकलं. माती आकसली, फरशी बाहेर सरकली आणि जाताना स्किमरला सोबत ओढलं. पूलची कड आणि फरशी यांच्यामध्ये सगळीकडून १०-१२ मिलिमीटरचा सांधा मोकळा पाहिजे. कटर मशीननं ते सिमेंट कापून काढा, फटीत फोमची दोरी दाबा आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ते रबरासारखं ताणतं आणि परत येतं. हे केलं नाही तर इपॉक्सी कितीही चांगली असू द्या, तुम्ही पुढच्या मे महिन्यात इथंच भेटाल.

धंतोली_८८ · २३ मे, सकाळी ११:००

पण मग प्रेशर टेस्ट वगैरे करायची गरज नाही का? माझ्या ओळखीचा एक जण कॉम्प्रेसर लावून करते.

फिल्टरखोली · २३ मे, दुपारी १:४०

यांना आता गरज नाही, पाणी ज्या लेव्हलला थांबलं त्याखालच्या सगळ्या लाईन भरलेल्या असूनही बादलीएवढंच उतरलं, म्हणजे त्या ठीक आहेत. ज्यांना लागते त्यांच्यासाठी सांगतो, लाईनची दोन्ही टोकं प्लगनं बंद करून हातपंपानं पाण्याचं प्रेशर द्यायचं, बाथरूमच्या लाईन टेस्ट करायला प्लंबर वापरते तोच पंप, एक-दीड बार बस झालं, अर्धा तास काटा हलला नाही पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा भरू नका. हवा दबून बसते आणि प्लग सुटला की गोळीसारखा येते, माझ्या समोर एकाचा दात गेला आहे.

बर्फी कबूल. शनिवारी बर्डीवर येतो.

बेसावाली · ७ जून, रात्री ८:५५

उशिरा लिहून राहिली, मध्ये नवतपा होता आणि मिस्त्री यायला तयार नव्हता, आणि त्याला दोष देत नाही, दुपारी कोट्यावर पाय ठेवला तर भाजून निघते. शेवटी पहाटे सहा ते नऊ असं तीन दिवस काम केलं. सिमेंट कापल्यावर स्किमरच्या बाजूला फरशीखाली आम्हाला काळ्या मातीत एक पोकळी दिसली, हात घातला तर मनगटापर्यंत गेला आणि माती ओली. एवढ्या उन्हात ओली! तिथं मुरूम भरून ठोकला, मग फरशी परत बसवली, सांधा मोकळा, फोमची दोरी, पीयू. इपॉक्सी आधीच झाली होती.

भरला. दोन टँकर, बाकी बोअरनं. पंप रोजच्यासारखा चालू, बादली टेस्ट ५ ते ६ जून: पूल १३, बादली १३. ६ ते ७ जून: पूल १२, बादली १२.

मामाजींनी आता पायरीवर कायमची एक बादली ठेवली आहे, दोरीनं बांधून, आणि रोज सकाळी चष्मा लावून वहीत लिहितात. उडणारं कमी व्हावं म्हणून रात्री वरून हिरवी नेट टाकायची म्हणतात, तीही आणली. एकूण खर्च ठेकेदारानं सांगितलेल्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी.

एकच वाईट झालं, केळी सुकायला लागली.

काटोल_रोड_संत्रा · ७ जून, रात्री ९:२०

केळीले पाणी द्या ताई, मुखबीर हाय ते.

मानेवाडा_नवीन · ९ जून, सायंकाळी ५:१०

सगळा धागा वाचला. माझा प्रॉब्लेम वेगळा आहे, पाणी उतरत नाही पण पंप चालू केला की रिटर्नमधून बुडबुडे येऊन राहिले आणि पंप मधेच पाणी सोडून देते. हे पण लीकेजच का?

फिल्टरखोली · ९ जून, सायंकाळी ७:३०

हो, पण उलटं. पंपाच्या आधीच्या लाईनमध्ये फट असली की पाणी बाहेर जात नाही, हवा आत शिरते, म्हणून तुमची लेव्हल तशीच राहते. पहिले पाहा की पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे ना, खाली असेल तर तिथूनच हवा ओढते. ते ठीक असेल तर दहापैकी आठ वेळा पंपाच्या जाळीच्या झाकणाची रबर रिंग असते. काढून पुसा, चीर पडली का पाहा, आणि सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नाही, त्यानं रबर फुगते. तरी थांबलं नाही तर पंप चालू ठेवून झाकणाच्या कडेला आणि पुढच्या जॉइंटवर दाढीचा फोम लावा, जिथं फोमला खड्डा पडून आत ओढला जाईल तिथं हवा शिरून राहिली. पाहा आणि सांगजा.